हातचा एक

आमच्या संग्रहालयात पाटी आहे : कृपया हात लावा.
पहिल्या वर्षी कुणी लावेना.
लोक हात मागे बांधून हिंडायचे,
परक्याच्या माजघरात शिरल्यासारखे.

आता दर रविवारी तळघरात
साखरेचे चौकोनी खडे, ओली माती, कच्च्या स्पगेटीची पुडकी,
आणि मी, इल्दे,
थरथरत्या टेबलाची बटणवाली.

शहात्तरच्या मे महिन्यात, रात्री नऊला,
फ्रिउलीचे हे डोंगर मिनिटभर हलले.
माझ्या जन्माआधीची गोष्ट.
तरी बटण माझ्याकडे.

पोरं आधी नुसतेच खडे रचतात.
मी बटण दाबते. साखर सांडते. खिदळतात.
मग सांध्यांना मैद्याची खळ लावतात,
कोपऱ्यांना दोरा आवळतात.
घर डुलतं, पडत नाही.
तेव्हा मात्र कुणी हसत नाही.
का, ते मला अजून कळलेलं नाही.

ऑर्कोलात म्हणजे डोंगरात कोंडलेला राक्षस.
इथे भूकंपाला म्हाताऱ्या अजून त्याच्याच नावाने शिव्या देतात.
मातीचा ऑर्कोलात करा म्हटलं,
तर अफुआने, जिचा बाप खुर्च्यांच्या कारखान्यात आहे,
त्याच्यासाठी आधी चादर लाटली.
म्हणाली, कुशीवर वळला की उघडा पडतो,
मग थंडी वाजते, मग पुन्हा हलतो.
भूगर्भशास्त्राच्या बाईंनी चष्मा पुसला :
सप्टेंबरातला दुसरा धक्का समजवायला
मला तीन आलेख लागतात.

शेवटचं टेबल चर्चचं.
खरं चर्च कोसळलं तेव्हा गावाने दगड शेतात मांडले,
प्रत्येकावर आकडा घातला,
आणि वर्षानुवर्षं जुळवत बसले.
आमचं लाकडी. दोनशे बारा ठोकळे.
नातीला घेऊन आलेला दुइलिओ
न बघताच म्हणाला, तो सांधा चुकलाय.
बोटं जाड, एका अंगठ्याला नख नाही.

नातीने मोजले. दोनशे अकरा.
पुन्हा मोजले. हरवला?
नाही गं, मी म्हटलं, खऱ्या भिंतीतही तो दगड नाही,
तिथे सिमेंट आहे. म्हणून आम्हीही जागा रिकामी ठेवली.

दुइलिओ खोकला. बाहेर गाडीपर्यंत गेला.
परत आला तो वाणसामानाची पिशवी दोन्ही हातांनी धरून.
आत दगड. त्यावर लाल रंगात चार आकडे,
दोन वाचता येत होते.

आकडे रंगवायचं काम माझ्याकडे होतं, म्हणाला,
अठरा वर्षांचा होतो. हा एक घरी नेला.
दाराला लावायला.
कशाला, नातीने विचारलं.
दार उघडं राहावं म्हणून.
त्या रात्री आमचं अडकलं होतं.
भाऊ आत होता.

एवढंच.

मग दगड हातोहात फिरला.
बाईंनी अंगठ्याने घासून पाहिला, चुनखडी म्हणाल्या, आणि गप्प झाल्या.
कुणाच्या आजीने तो तान्ह्यासारखा घेतला.
अफुआला पेलेना, मांडीवर ठेवला,
कान लावला, आणि मला खुणेने सांगितलं :
बटण दाबू नकोस.

संचालक असते तर म्हणाले असते, ठेवून घ्या, कपाट करू.
मी विचारलं नाही.
पाच वाजता दगड पिशवीत गेला, पिशवी डिकीत.
नातीला बेरजेची खोड सुटत नव्हती :
दोनशे अकरा, आणि हातचा एक.

नोंदवहीत रकाने आहेत : वस्तू, आवक, जावक.
दगड, लिहिलं. आला. गेला.
मातीचा राक्षस चादरीखाली वाळत होता.
टेबलाचा प्लग काढला
आणि निघताना, सवयीने,
दार लावणार होते.